तळे आहे, पण नेणारा कोठे?

शास्त्रभाग : योहान 5:1-9

बेथेसदा तळ्याच्या पाच पडव्यांत पुष्कळ दुखणेकरी पडून असत. त्यांत 38 वर्षांचा एक दुखणाईत होता. प्रभूने त्याला विचारिले, तेव्हा तळे दूर आहे किंवा पाणी आटले आहे, असे काही तो म्हणाला नाही. त्याचे गाऱ्हाणे एकच होते. पाणी हालले की आपल्याला आत सोडील असा कोणी मनुष्य त्याला नव्हता आणि दर वेळी दुसराच पुढे उतरत असे. तो तळ्याच्या काठी होता, तरी तळे त्याचे नव्हते.

आपल्या खेड्यापाड्यांतही आज तळी आहेत. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा 5 किलो व अंत्योदय कुटुंबास घरटी 35 किलो धान्य ठरविले असून 2023 पासून ते विनामूल्य मिळते. ऊसतोडीस परमुलखी गेलेल्यासही आपल्या शिधापत्रिकेवर तेथल्या दुकानी आपला वाटा घेता येतो. 2016 साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत बेघरास सपाट प्रदेशात 1,20,000 रुपये मिळतात. 2018 च्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली ठरविल्याप्रमाणे राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व आणखी 10 टक्के दुर्बलांसाठी सवलतीने राखावयाच्या आहेत. निराधार विधवेसाठी व अपंगासाठी तहसील कचेरीत संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेतात.

इतके असून दुखणाईत काठीच का? विधवेचे नाव सासऱ्याच्या शिधापत्रिकेत अडकले आहे आणि ते वेगळे कसे काढावे हे तिला ठाऊक नाही. म्हाताऱ्याच्या बोटांच्या रेषा कष्टाने झिजल्या, यंत्रावर अंगठा उमटत नाही आणि तो रिकामी पिशवी घेऊन परततो. एवढ्याच कारणास्तव कोणाला धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने 2017 साली राज्यांना कळविले आहे. पण हे त्याला कोण सांगणार? घरकुलाची यादी ग्रामसभेत वाचली जाते, त्या दिवशी मजूर परक्याच्या शेतात असतो. जो धडधाकट, ज्याच्या ओळखी, तोच आधी पाण्यात उतरतो.

कोणी म्हणतील, “आम्ही देवावर भरवसा ठेवणारी माणसे, कचेरीच्या दारी हात का पसरावा?” बंधूंनो, शास्त्र पाहा. लेवीय 19 मध्ये शेताचा कोपरा न कापता तो गरिबासाठी व परक्यासाठी ठेवण्याची आज्ञा आहे. ती धन्याच्या मर्जीवर सोडलेली नव्हती; तो नियम होता. पौलाला चाबकाखाली बांधले, तेव्हा त्याने रोमी नागरिकाचा हक्क सांगितला व त्यात विश्वासाची उणीव मानली नाही. जे कायद्याने ठरले आहे ते मागणे ही भीक नव्हे.

दुसरे कोणी म्हणतील, “आम्ही अल्पशिक्षित, आमच्याने काय होणार?” जामखेड येथे 1970 साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने काम आरंभिले. त्यांनी खेड्यांतील स्त्रियांना आरोग्यसेवेचे शिक्षण दिले. त्यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, तरी बाळंतिणीची व तान्ह्या मुलांची काळजी त्यांनी घरोघर वाहिली. सनदेवाचून हे होते, मग सोबत जाणे का होणार नाही?

म्हणून आमची मंडळ्यांना विनंती आहे. उपासनेनंतर दोन जणांना नेमा, त्यांत एक स्त्री असावी. त्यांनी घरोघर जाऊन विचारावे : चूल पेटली काय? कोणी आजारी आहे काय? पावसात छप्पर गळते काय? ज्याला वाचता येते त्याने अर्ज लिहावा. अर्ज दिल्याची पोच मागून घ्यावी व तारीख वहीत टिपावी. कागदांत उणीव असेल तर ती विचारून घ्यावी, म्हणजे दुसरी खेप वाया जाणार नाही. आशाताई, अंगणवाडीताई व ग्रामसेवक यांच्याशी ओळख ठेवावी. अडल्या वेळी 108 हा क्रमांक फिरवावा. त्या रुग्णवाहिकेस भाडे नाही. कापणीच्या सणाच्या अर्पणातून थोडे बाजूला काढून एस.टी.च्या भाड्यासाठी व छायाप्रतींसाठी ठेवावे. अर्ज मंजूर होईपर्यंतची भूक मात्र मंडळीनेच भागवावी, कारण पोट पोच पाहून थांबत नाही.

दोन गोष्टींपासून जपा. या सेवेचा एक पैसाही घेऊ नका. दलाल गावात पुरेसे आहेत. आणि ही सेवा केवळ आपल्या मंडळीपुरती ठेवू नका, किंवा तिला आमिष करू नका. शेजारी कोणत्या देवळात जातो हे विचारून त्याचा हात धरणे प्रभूला शोभत नाही. बेथेसदा येथील मनुष्याला तर आपणांस कोणी बरे केले हेही ठाऊक नव्हते, तरी तो बरा झाला.

प्रभूने एका शब्दाने त्याला उठविले. तसा शब्द आपणांपाशी नाही. परंतु त्याला जो मनुष्य मिळत नव्हता, तो होणे आपल्या हाती आहे. येत्या सोमवारी तहसील कचेरी उघडेल, तेव्हा आपल्या गावचा कोणी दुखणाईत एकटाच तिच्या पायऱ्यांवर बसलेला नसावा, हीच आमची प्रार्थना. आमेन.