डागाचा दोष कोणाचा?

देवळा परिसरात उन्हाळ कांद्याची काढणी ऐन रखरखत्या उन्हात चालते. दिवसभर वाकून कांदा उपटणाऱ्या स्त्रियांच्या गालांवर व कपाळावर तपकिरी डाग उमटलेले आम्ही अनेकदा पाहिले आहेत. त्यांना आपण वांग म्हणतो. ऊन, गरोदरपण, संप्रेरकांतील बदल आणि आनुवंशिकता ही त्याची कारणे होत. यांत त्या स्त्रीचा दोष कोणता? तरीही पदर पुढे ओढून तोंड लपवते ती तीच.

अशाच एका भगिनीने एकदा आम्हांला विचारले, "फादर, तोंडाला क्रीम लावणं पाप आहे का?" रूपाच्या मोहावर चार शब्द ऐकवणे सोपे होते. परंतु तिने पिशवीतून काढलेल्या डबीवर आत काय आहे, हेच लिहिलेले नव्हते. मग मोहाचा प्रश्न मागे पडला.

वांगावर औषधे आहेत. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सौम्य स्टेरॉइड यांचे मिश्रण त्वचारोगतज्ज्ञ मर्यादित काळासाठी देतात. तेच मनाने महिनोन्‌महिने लावले तर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ व लव येते. थांबवताच चेहऱ्याची आग होते. हायड्रोक्विनोनच्या अतिवापराने कधी निळसर-काळी झाक उमटते आणि ती सहसा जात नाही. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

निनावी डबीचा धोका याहून मोठा. २०२३ साली उघडकीस आलेली अकोल्याची घटना वाचकांना आठवत असेल. गोरेपणाचे क्रीम वापरणाऱ्या एकाच घरातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा आढळला. पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून चेहरा उजळतो. पण तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात पोहोचतो. पाऱ्याला आळा घालणारा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि २०१८ साली भारताने त्याला मान्यता दिली. तरीही अशा डब्या घरोघरी पोहोचतात.

गंभीर पापाला बाब गंभीर असावी लागते, पूर्ण ज्ञान लागते आणि पूर्ण संमती लागते, असे आम्ही सेमिनरीत शिकलो. डबीत काय आहे हे जिला ठाऊकच नाही, तिची संमती कसली? ठाऊक असून जो लपवतो, त्याचा हिशेब वेगळा. आणि आपला? स्थळ सांगून येताच "मुलगी गोरी आहे ना?" असे विचारणारे आपणच. डबी ती विकत घेते. ती घ्यायला लावणारी नजर आपली असते.

आम्ही तिला म्हणालो, "बाई, पाप नाही. पण ही डबी घेऊन आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. शेतात जाताना चेहरा झाकून घेत जा." तिने मान हलवली. मग हळूच म्हणाली, "जाईन, फादर. पण तोवर बायका विचारतील, तोंडाला काय झालं, तर काय सांगू?"

आम्ही निरुत्तर झालो. वाचकहो, हा प्रश्न तिला पुन्हा कोणी विचारू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.