शंका आणि सफ

जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता वडीगोद्रीला सोलापूर-धुळे महामार्गाला मिळतो. इथून दक्षिणेला शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. उत्तरेला पाचोडवरून पुढे गेले की छत्रपती संभाजीनगर, म्हणजे कालपरवापर्यंतचे औरंगाबाद, आणि तिथले घाटीचे सरकारी रुग्णालय. गावच्या डॉक्टरच्या हाताबाहेरचे दुखणे झाले की नदीच्या दोन्ही काठांचा माणूस याच रस्त्याला लागतो. मूळव्याध असो की कर्करोग, इथली माणसे एकमेकांना कोणता डॉक्टर चांगला हे सांगतात. पण एक दुखणे असे आहे की त्याचा पत्ता कुणी कुणाला विचारत नाही. शरीर एक सांगते आणि आतला जीव दुसरेच सांगतो, अशा माणसाचे ते दुखणे. त्याबद्दल आपल्या समाजात दोनच गोष्टी चालतात, थट्टा आणि गप्प बसणे. या दोन्हींच्या पलीकडे जाऊन विचार करता येईल का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

याच महामार्गाने नदी ओलांडून गेले की गेवराईपलीकडे माजलगाव तालुका येतो. तिथल्या राजेगावच्या ललिता साळवे बीड जिल्हा पोलीस दलात महिला शिपाई होत्या. 2017 साली त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. वैद्यकीय तपासणीत त्यांच्या शरीरात वाय गुणसूत्र आढळले होते. खात्याने नकार दिला. भरती महिलांच्या जागेवर झालेली, पुरुष शिपायाचे शारीरिक निकष वेगळे, मग नोकरीचे काय, असा खात्याचा पेच होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगण्यात आले, मुख्यमंत्र्यांनी सहानुभूतीने विचार करा म्हटले, आणि शेवटी गृहखात्याने परवानगी दिली. मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ललित साळवे नोकरीत राहिले, 2020 साली त्यांचे लग्न झाले, पुढे ते बाप झाल्याचेही वर्तमानपत्रांत आले.

या बातमीवर आमच्या भागात फारसा गदारोळ झाला नाही. त्याचे कारण आहे. डॉक्टरांनीच सांगितले होते की हा लिंगबदल नव्हे, ही अवयवांची पुनर्रचना आहे. लोकांना ते पटले. देवाघरून राहिलेली उणीव होती, डॉक्टरने दुरुस्त केली, असे म्हणता आले. गुणसूत्राचा कागद हाती आला की मन लगेच मोठे होते.

प्रश्न पुढचा आहे. ज्याच्या तपासणीत असा कोणताही कागद हाती येत नाही, शरीर सर्व बाजूंनी पुरुषाचे किंवा स्त्रीचे आहे, आणि तरीही तो लहानपणापासून सांगत आला आहे की मी हा नव्हे, त्याचे काय? इथे डॉक्टरांचेही एकमत नाही, न्यायालयांचे नाही आणि आपल्या उलेमांचेही नाही.

आधी डॉक्टरांचे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली मंजूर केलेल्या आणि 2022 पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत ही अवस्था मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली. म्हणजे हे वेड नव्हे, एवढ्यावर वैद्यकशास्त्र बहुतांशी एकत्र आले. पण उपचार कोणता, केव्हा आणि कोणाला, यावर मोठा मतभेद आहे, आणि तो मुख्यतः अल्पवयीन मुलांबाबत आहे. फिनलंडने 2020 साली आणि स्वीडनने 2022 साली मुलांच्या औषधोपचाराबाबत हात आखडता घेतला. इंग्लंडमध्ये बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांचा अहवाल एप्रिल 2024 मध्ये आला. वयात येणे थांबवणाऱ्या औषधांमागचा पुरावा कमकुवत आहे, असे त्यांनी लिहिले. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने ही औषधे नेहमीच्या उपचारातून काढली. दुसरीकडे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2023 साली उपचारांना पाठिंबा देणारी आपली भूमिका कायम ठेवली, आणि त्याच वेळी पुराव्यांचा नव्याने आढावा घेण्याचेही ठरवले. त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी टेनेसी राज्याची मुलांवरील अशा उपचारांची बंदी वैध ठरवली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. 'पुरावा कमकुवत आहे' याचा अर्थ 'औषध विष आहे' असा होत नाही, आणि 'त्या मुलाचे दुःख खोटे आहे' असा तर मुळीच होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की फायदा किती आणि तोटा किती हे खात्रीने सांगण्याइतका अभ्यास अजून झालेला नाही. कॅस यांनीही मुलांना वाऱ्यावर सोडा असे म्हटलेले नाही, अधिक काळजीने सांभाळा असे म्हटले आहे. पण आपल्याकडे अशा बातम्या येतात तेव्हा त्यातला पुरावा गळून पडतो आणि तिरस्कार तेवढा शिल्लक राहतो. याची उलट बाजूही खरी आहे. वाढत्या वयाच्या मुलाला औषध देण्याआधी शंका घेणारा प्रत्येक डॉक्टर निष्ठुर असतो, असे मानणे हा त्या डॉक्टरवर अन्याय आहे. शंका घेणे हे त्याच्या विद्येचेच काम आहे.

आता उलेमांचे पाहू. 1988 साली कैरोत अल-अझहर विद्यापीठाचा वैद्यकीय विद्यार्थी सय्यद अब्दुल्लाह याने शस्त्रक्रिया करून घेतली आणि सॅली हे नाव घेतले. डॉक्टरांची संघटना शस्त्रवैद्यावर उलटली, विद्यापीठाने दार लावले. इजिप्तचे तेव्हाचे मुफ्ती मुहम्मद सय्यद तंतावी यांनी जो फतवा दिला, त्याचा आशय असा की शरीरात दडलेले लिंग उघड करण्यासाठी विश्वासू डॉक्टरांच्या सल्ल्याने शस्त्रक्रिया जायज आहे, केवळ इच्छेखातर नाही. गंमत अशी की दोन्ही पक्षांनी हा फतवा आपल्याच बाजूचा आहे असे सांगितले. कारण 'दडलेले' म्हणजे काय, हे शेवटी डॉक्टरांवरच सोपवलेले होते. इराणमध्ये आयतुल्लाह खोमेनींनी 1980 च्या दशकात अशा शस्त्रक्रियेला परवानगी दिली. परंतु त्याच देशात समलिंगी संबंधांना मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे ज्यांना शस्त्रक्रिया नको आहे अशांनाही तिकडे ढकलले जाते, अशी तक्रार मानवाधिकारवाले वारंवार करत आले. म्हणजे परवानगीचीही सक्ती होऊ शकते. पाकिस्तानात 2018 साली स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क देणारा कायदा झाला आणि मे 2023 मध्ये तिथल्या संघीय शरियत न्यायालयाने त्यातली महत्त्वाची कलमे इस्लामविरोधी ठरवली. तेव्हा 'इस्लाम याबाबत काय म्हणतो' असे एका वाक्यात सांगणारा माणूस भेटला तर तो कोणत्या देशाचे आणि कोणत्या सालाचे बोलतो आहे, हे विचारून घ्यावे.

विरोध करणाऱ्यांचा मुख्य आधार सूरह निसामधला अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करण्याबाबतचा इशारा आहे. तो हलका नाही आणि श्रद्धावान माणूस तो सहज बाजूला सारणार नाही. परंतु फाटलेला ओठ शिवणे, जुळलेली बोटे सोडवणे यांना कोणी फेरफार म्हणत नाही, इलाज म्हणते. म्हणजे वाद आयतीवर नाही. समोरची अवस्था निर्मिती आहे की आजार, यावर तो आहे. पुरुषाने बाईची नक्कल करण्याचा निषेध करणाऱ्या हदीसबाबत बोलतानाही इमाम नववींनी जाणूनबुजून नक्कल करणारा आणि जन्मतःच तसा असणारा यांत फरक केला आणि दुसऱ्यावर गुन्हा ठेवला नाही. तेराव्या शतकातल्या माणसाला जो फरक दिसला तो आपल्याला दिसू नये, याचे वाईट वाटते.

पण आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती फिकहमधली आणखी जुनी गोष्ट. ज्याच्या शरीरावरून तो पुरुष की स्त्री हे ठरवता येत नाही त्याला फकिहांनी खुन्सा म्हटले, आणि कोणत्याच खुणेने उलगडा होत नसेल तर खुन्सा मुश्किल. हनफी फिकहच्या हिदाया या प्रसिद्ध ग्रंथातले अखेरचे प्रकरणच खुन्सावर आहे. ते वाचताना एक गोष्ट लक्षात येते. हे विद्वान स्पष्ट कबूल करतात की आम्हाला कळत नाही. आणि कळत नाही म्हणून ते त्या माणसाला मशिदीबाहेर उभा करत नाहीत. त्याची सफ ठरवतात: आधी पुरुष, मग मुलगे, मग खुन्सा, मग स्त्रिया. तो मेला तर काय करायचे हेही ठरवतात. गुस्ल कोणी द्यावा हा पेच असेल तर तयम्मुम द्यावा, कफन पाच कपड्यांचे असावे. वारसाहक्कात मतभेद झाले. अबू हनीफा म्हणतात, दोहोंतला कमी वाटा द्या. मालिकी पंथ दोन्ही वाट्यांचा निम्मा-निम्मा धरतो. आणि आपले कोकणातले बांधव ज्या पंथाचे आहेत तो शाफई पंथ म्हणतो, जेवढा वाटा खात्रीने त्याचा आहे तेवढा आज देऊन टाका, जो शंकेतला आहे तो उलगडा होईपर्यंत बाजूला ठेवा.

आजच्या वादाला खुन्साचे नियम जसेच्या तसे लावता येणार नाहीत. ज्याच्या शरीरात कोणतीही संदिग्धता नाही तो खुन्सा नव्हे, असे बहुतेक उलेमा सांगतात, आणि शास्त्राच्या व्याख्येप्रमाणे ते बरोबर आहे. आम्ही नियम उसना घेत नाही, रीत उसनी घेतो. शंका असताना कसे वागावे याची ती रीत आहे. खात्रीचे आज द्यावे, वादाचे थांबवावे, आणि वादासाठी खात्रीचे अडवून ठेवू नये. आपण नेमके उलटे करतो. डॉक्टर आणि मौलवी यांचा वाद मिटेपर्यंत त्या माणसाचा सलामसुद्धा अडवून ठेवतो.

आपल्या मुलखाला ही अडवणूक नवी नाही. जालना 1948 पर्यंत निजामाच्या संस्थानात होता. त्या संस्थानात 1919 साली, फसली 1329 मध्ये, 'हिजड्यां'ची नोंदवही ठेवणारा आणि त्यांना बाईच्या वेशात दिसल्यास वॉरंटशिवाय पकडण्याची मुभा देणारा कायदा झाला. मुस्लिम राजाच्या राज्यातला हा कायदा फिकहमधून आलेला नव्हता, इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या वळणावर बेतलेला होता. तेलंगण उच्च न्यायालयाने तो 2023 साली रद्द केला, म्हणजे शंभरावर वर्षांनी. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 15 एप्रिल 2014 रोजीच सांगितले होते की आपण कोण हे सांगण्याचा अधिकार त्या माणसाचा आहे, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. 2019 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या दाखल्याची वाट काढली, पण पुरुष किंवा स्त्री अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र मागितले. तृतीयपंथीयांच्या संघटनांनी त्यावर तेव्हाच हरकत घेतली.

इंग्लंड-अमेरिकेत उपचार फार घाईने होतात का, यावर वाद आहे. वडीगोद्रीसारख्या गावात घाईचा प्रश्नच नाही, कारण इथे उपचारच नाही. इथल्या पोराला मानसोपचारतज्ज्ञ भेटण्याआधी ताईत भेटतो, दर्ग्यावरची झाडफूक भेटते, बापाचा पट्टा भेटतो आणि शेवटी निकाह भेटतो. 'लग्न करा, ठीक होईल' हे आपल्याकडचे सर्वांत लोकप्रिय औषध आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या घरातली एक मुलगी चुकवते. जो घर सोडून जातो तो शहरात मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय गर्भनिरोधक गोळ्या घेऊन त्यालाच संप्रेरक समजतो, किंवा दाईच्या सुरीखाली जातो. रुग्णालयाचे दार बंद केल्याने सुरी थांबत नाही, फक्त भूल देणारा आणि रक्त थांबवणारा डॉक्टर तिथे नसतो. मत बदलायला लावणाऱ्या तथाकथित उपचारांना राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. ही खबर अजून आपल्या खेड्यांत पोहोचलेली नाही.

मग खात्रीचे काय आहे? जमातीत त्याला सफ आहे. बापाच्या शेतात त्याचा वाटा आहे. मेल्यावर त्याला गुस्ल, कफन आणि कब्रस्तानात जागा आहे. त्याला मारहाण हराम आहे आणि मर्जीविरुद्ध निकाह बातिल नसला तरी जुलूम आहेच. आजारी पडला तर त्याला शिकलेल्या डॉक्टरपुढे नेणे हे घरच्यांचे फर्ज आहे. यातल्या एकाही गोष्टीसाठी कोणत्याही अहवालाची वाट पाहावी लागत नाही, आणि यातली एकही गोष्ट दिल्याने शस्त्रक्रियेला फतवा दिल्यासारखे होत नाही.

वादाचे काय आहे? अल्पवयीन मुलाला औषध द्यावे की थांबावे, हा वाद डॉक्टरांना पुराव्यावर लढू द्यावा, आणि तोवर मुलाबाबत सावधगिरी बाळगावी. सावधगिरी म्हणजे दुर्लक्ष नव्हे. त्याचे ऐकून घेणे हाही उपचारच आहे. सज्ञान माणसाने समजून-उमजून, चांगल्या डॉक्टरच्या सल्ल्याने स्वतःच्या शरीराबाबत घेतलेला निर्णय आपल्याला पटेल किंवा पटणार नाही. जायज-नाजायजचा त्याचा हिशेब त्याच्या आणि अल्लाहच्या दरम्यानचा आहे. आपला हिशेब वेगळा होईल. तो दारात आला तेव्हा आपण काय केले, हे आपल्याला विचारले जाईल. 'विद्वानांत मतभेद होते' हे उत्तर तिथे पुरणार नाही. विद्वानांत मतभेद तेव्हाही होते, तरी त्यांनी सफ दिली होती.