टाचेवरचा लाल डाग

बुऱ्हाणपूरच्या एका वृद्धाश्रमात पुतणी परिचारिका आहे. काकांची हयात इथल्याच पॉवरलूमच्या कारखान्यांत कापडाचे तागे तपासण्यात गेली. रविवारी संध्याकाळी ते तिला भेटायला आले, तेव्हा ती महिन्याचा तक्ता पुढ्यात घेऊन व्हरांड्यात बसली होती.

पुतणी : काका, एका आजींच्या टाचेवर आज लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी पांढरा पडेना. म्हणजे शय्याव्रणाची सुरुवात. तक्त्यात लिहिला, तर या महिन्यात आमचे चार होतात. दुसऱ्या आश्रमाचे शून्य आहेत, आणि विश्वस्त देणगीदारांना आकडेच दाखवतात.

काका : शून्य कशामुळे? व्रण झालेच नाहीत म्हणून, की टाचा कुणी पाहिल्याच नाहीत म्हणून?

पुतणी : तेच तर! जो चादर उचलतो त्यालाच डाग सापडतो, आणि खरं लिहिलं की तोच वाईट ठरतो.

काका : (रजिस्टर चाळत) हे दर दोन तासांनी कूस बदलल्याचं पान ना? दहा, बारा, दोन, चार... सगळ्या सह्या एका दमात केलेल्या दिसतात.

पुतणी : रात्री वीस पलंगांना एकच बाई असते, काका.

काका : तिला दोष देत नाही. दोषागणिक विणकराची मजुरी कापायची आणि दोष मोजायलाही त्यालाच बसवायचं, तर तो कसे मोजेल?

पुतणी : अमेरिकेतही असंच झालं. तिथलं सरकार 2008 पासून नर्सिंग होमना तारे देतं. त्यातले काळजीच्या दर्जाचे बरेच निकष नर्सिंग होमनी स्वतःच भरलेल्या माहितीवर ठरतात. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी ही माहिती रुग्णालयांच्या बिलांशी ताडली. पडून गंभीर दुखापत झाल्याच्या घटनांपैकी फक्त 57.5 टक्के नर्सिंग होमनी कळवल्या होत्या.

काका : म्हणजे बिल हा दुसरा साक्षीदार. तुमच्याकडेही दुसऱ्या पाळीतल्या कुणी तुझं पान न बघता त्याच टाचा पाहाव्यात. मग दोन्ही पानं ताडा.

पुतणी : ताडली, आकडा अचूक निघाला, तरी? एका आजोबांना पडू नये म्हणून दिवसभर खुर्चीतच बसवतात. ‘पडणे : शून्य’ ही नोंद अगदी खरी आहे. पण त्यांना फाटकापर्यंत चालत जायचं असतं.

काका बराच वेळ बोलले नाहीत.

काका : कापडाला कुठे जायचं नसतं. माझ्या मोजणीत हा प्रश्न कधी आलाच नाही.

पुतणी : मग मोजणंच सोडायचं का?

काका : नको. मोजलं नाहीस, तर त्या टाचेकडे कोण बघणार? पण पडण्याच्या शेजारी चालण्याचाही रकाना आख. आणि शाबासकी किंवा बोल लावण्याआधी विश्वस्तांनी स्वतः एकदा चादर उचलावी. जो आकडा मागतो, त्यानेच खरं लिहिणाऱ्याची पाठराखण करायला हवी.

पुतणी : ते करतीलच असं नाही.

काका : नाहीच. पण आज लिहिलंस, तर रात्रीच्या बाईला पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायचं कळेल. विश्वस्तांचं ठरेपर्यंत ती टाच थांबणार नाही.

तिने पेन उघडलं. ‘उजवी टाच, रुपयाएवढा लाल डाग, दाबल्यावर पांढरा पडत नाही.’ खाली वेळ घातली, सही केली आणि शेजारचा रकाना दुसऱ्या तपासणीसाठी मोकळा सोडला.