सोसायचे ते कोणाचे?



गेल्या श्रावणात आमच्या वाडीच्या रस्त्यावर दरड आली. देवरूखहून येणाऱ्या मोठ्या रस्त्यापासून वाडीपर्यंत जेमतेम दीड किलोमीटरचा हा रस्ता. त्याचा साठ-सत्तर फुटांचा तुकडा खालच्या पऱ्यात उतरला. कोणाच्या जिवावर बेतले नाही, ही पांडुरंगाची कृपा. एसटी आमच्याकडे पूर्वीही येत नव्हती. रिक्षा आणि गॅसची गाडी येत असे, तीही थांबली. माणसे पुन्हा जुन्या पाखाडीने ये-जा करू लागली.

गणपतीनंतर ग्रामसभा झाली. अर्ज कोणाकडे करायचा, पाठपुरावा कोणी करायचा, अशी चर्चा चालली असताना वाडीतले एक वृद्ध माळकरी उभे राहिले. आमच्याकडे आषाढात लावणी असते, म्हणून बरेच जण कार्तिकीला जातात. बुवांची कार्तिकी कधी चुकलेली नाही. ते म्हणाले, "बाबांनो, आमचा जन्म पाखाडीवर गेला. सरकारदारी हात कशाला पसरता? वारकऱ्याने मागायचे तर विठोबाकडे. आहे त्यात समाधान मानावे." सभा गप्प झाली. ज्यांच्या तोंडून लहानपणी हरिपाठ शिकलो, त्यांच्यापुढे बोलायचे कसे? विषय तिथेच राहिला.

बुवांचे काहीतरी चुकते आहे असे वाटत होते, पण काय ते सांगता येत नव्हते. ते कळले परतीच्या पावसात. वाडीतल्या एका सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. खुर्चीला बांबू बांधून डोली केली आणि आम्ही चौघांनी तिला पाखाडीने खाली आणले. पायऱ्या शेवाळलेल्या, बॅटरीच्या उजेडात पाऊस तेवढा दिसत होता. दोनदा माझा पाय सरकला. पुढे बुवा स्वतः काठी टेकत, नामस्मरण करत वाट दाखवत होते. तिच्या अंगावरची घोंगडी त्यांचीच होती. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण त्या रात्री मनात एकच प्रश्न होता, समाधान बुवांनी मानले, आणि सोसते आहे कोण?

तुकोबारायांच्या चरित्रातला कर्जखतांचा प्रसंग आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकतो. वडिलोपार्जित सावकारीची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. त्यातला एक बारकावा मात्र ऐकता ऐकता निसटतो. त्यांनी सगळी खते बुडवली नाहीत. धाकट्या भावाचे, कान्होबांचे अर्धे आधी वेगळे काढून दिले, आणि आपल्या वाट्याचे तेवढे पाण्यात सोडले. वैराग्याच्या त्या भरातही दुसऱ्याच्या वाट्याला हात लावला नाही. स्वतःच्या मालकीचे सोडणे हा त्याग. भावाचेही सोडून दिले असते, तर त्याला त्याग कोण म्हणाले असते?

समाधानाचेही तसेच आहे. माझे पाय दुखतात, मी चालेन, तक्रार करणार नाही, हे मी माझ्यापुरते ठरवू शकतो. त्या सुनेच्या वतीने, शाळेत जाणाऱ्या पोरांच्या वतीने, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या वतीने मी समाधान मानू शकत नाही. ते माझ्या वाट्याचे नाही.

बुवांच्या दुसऱ्या शब्दाकडेही बघायला हवे. हात पसरणे. हा पैसा काय दान आहे? आपल्याकडे 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि ग्रामीण रस्ते त्यांच्याकडे आले. त्यासाठीचा निधी जिल्हा नियोजन समितीकडून येतो. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. ग्रामपंचायत घरपट्टी घेते खरी, पण त्या उत्पन्नात दरडीखालची संरक्षक भिंत उभी राहत नाही. वित्त आयोगाच्या निधीतूनही 2021 ते 2026 या काळात साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेली. म्हणून वर मागावे लागते. पण वरचा पैसा तरी कोणाचा? काडेपेटीपासून खतापर्यंत आपणही कर भरतोच. आपल्याच कोठारातले धान्य मागण्याला भीक म्हणत नाहीत. आणि 8 नोव्हेंबर 2021 रोजी पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, तेव्हा वारकऱ्याने सरकारी रस्ता का घ्यावा, असे आपल्यापैकी कोणी म्हणाल्याचे मला आठवत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. अर्ज दिला तेव्हा एका कार्यालयात विचारले गेले, "तुमचे उंबरे किती? तेवीस. तेवढ्याच पैशात हजार माणसांचा रस्ता होईल." हे बोलणे मला लागले, पण खोटे म्हणता येईना. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत आंबा घाटात ठिकठिकाणी दरडी आल्या, रस्ता खचला. त्याच पावसात महाडजवळच्या तळियेत दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. अशा वेळी आधी घाट मोकळा करायचा की आमची वाडी जोडायची? घाटच. कोल्हापूरकडून औषधे, भाजी, दूध त्याच वाटेने येते. आम्ही पंढरीलाही साखरप्यावरून तोच घाट चढून जातो. पुढचे वाहन आधी जाऊ द्यायला आमची ना नाही. पण थांब म्हणणाऱ्याने रांगेत आमचा नंबर कितवा ते लिहून द्यावे. तेवीस उंबरे दर वर्षी शेवटचे येणार असतील, तर ती रांग नव्हे. डांबरी रस्त्यावर राहणाऱ्याने आमच्या वतीने समाधान मानायचे, तेही मला तुकोबारायांच्या त्याच प्रसंगात बसत नाही.

दामाजीपंतांची गोष्ट यात आमच्याच अंगावर येते. दुष्काळात त्यांनी बादशहाचे कोठार लुटवले, हे आपण कौतुकाने सांगतो. पण त्याच कथेत विठू महार होऊन देव दरबारात गेला, धान्याची पै न् पै भरली आणि पावती घेतली. दयेपोटी खर्चलेल्या सरकारी धान्याचाही हिशेब देवाने चुकता केला. मग निधी मागणाऱ्या वाडीने भिंत कशी बांधली जाते ते बघायला नको? भिंतीत पाणी निघायला भोके ठेवली नाहीत, तर मागची माती पाण्याने फुगून भिंत एक-दोन पावसात ढकलून देते. आणि आमची दरड तरी निव्वळ आभाळातून आली का? रस्त्यासाठी डोंगराचा पाय कापलेला. वरची मोरी पालापाचोळ्याने आणि आम्हीच टाकलेल्या प्लॅस्टिकने दोन वर्षे तुंबलेली. ती साफ करायला निधी लागत नव्हता.

दिवाळीनंतर, बुवा कार्तिकीला निघण्याच्या आदल्या दिवशी, दुसरा अर्ज घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. तुकोबारायांचे अर्धे आणि कान्होबांचे अर्धे, एवढेच बोललो. ते बराच वेळ माळ ओढत बसले. मग म्हणाले, "त्या रात्री ती पोर कण्हत होती ना, तेव्हाच मला कळले होते रे. सभेत बोललो होतो, म्हणून मागे घेववेना." चष्मा शोधून त्यांनी सही केली आणि तारीख स्वतःच्या हाताने घातली. दुसऱ्या दिवशी पहाटे खांद्यावर पताका टाकून ते पाखाडी उतरले. जाताना सांगून गेले, "मी परत येईपर्यंत ती मोरी उपसून ठेवा."