पाप कोणाचे आणि ऋण कोणाचे?

वाल्या कोळ्याचे आख्यान आम्ही आजवर किती गावी लावले, त्याची गणती नाही. नारद म्हणतात, घरी जा आणि विचारून ये, माझ्या पापात तुमच्यापैकी कोणी वाटेकरी आहे काय? बायको मान फिरविते, पोरे हात झटकतात, आणि बिचारा वाल्या आपल्या खड्यांनी भरलेल्या रांजणांकडे पाहत राहतो. येथे श्रोते खुसखुसतात. मग आम्ही सिद्धांत सांगतो की, कर्म ज्याचे त्याला. आणि रामनामाचा गजर करून पुढे जातो. पण बरं का वाचकहो, त्या आख्यानात एक गोष्ट कोणीच विचारीत नाही. वाल्या तपाला बसला, त्याच्यावर वारूळ चढले, सारे खरे. त्याच्या घरात जे लुटीचे धान्य, भांडेकुंडे, दागदागिने राहिले, त्याचे पुढे काय झाले? पाप आमचे नव्हे म्हणणारी ती बायकापोरे दुसऱ्या दिवशी जेवली ती कशावर?

हा प्रश्न आम्हांस ग्रंथात सापडला नाही. तो सापडला आम्स्टरडॅम नगरीत, पायी हिंडताना.

आमच्या पुतण्याचे बिऱ्हाड नोकरीनिमित्त तिकडे, नगराला लागूनच असलेल्या आम्स्टलफेन गावी आहे. “काका, एकदा येऊन जा,” असा त्याचा फार दिवसांचा आग्रह. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूस पोचलेच पाहिजे, या अटीवर आम्ही वैशाखात निघालो. तेथे ट्राम आहे, आगबोटी आहेत, सायकली तर इतक्या की रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो. परंतु ज्याचे पाय आळंदी ते पंढरी या वाटेवर घडले, त्याला वाहनात बसून गाव कळत नाही. तेव्हा रोज सकाळी न्याहारी करून आम्ही, पुतण्या आणि सूनबाई पायीच निघत असू. त्या दिवसांत तिकडे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे घाई कसली ती नव्हती.

नगराची रचना मोठी शहाणपणाची. तीन मोठे कालवे एकात एक अर्धवर्तुळाने घातले आहेत. हेरेनग्राख्त, काइझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त, म्हणजे श्रीमंतांचा, सम्राटाचा आणि राजपुत्राचा. हे काम १६१३ साली सुरू झाले. जमीन सारी दलदलीची. नुसता पाया घातला तर घर खचायचे. म्हणून खालच्या घट्ट वाळूपर्यंत लाकडी खुंट ठोकावयाचे आणि त्यांवर घर उभारावयाचे. नगरसभेचे जुने भवन, ज्याला आज राजवाडा म्हणतात, ते एकटे १३,६५९ खुंटांवर उभे आहे. पाण्याखाली राहिलेले लाकूड कुजत नाही, हवा लागली की कुजते. यासाठी कालव्यांची पातळी फार जपतात. घरे तोंडाला अरुंद, आत खोल, आणि माथ्यावर पुढे आलेली एक तुळई, तिला लोखंडी आकडा. माल दोराने वर ओढून माळ्यावर साठवीत. तो भिंतीला घासू नये म्हणून कित्येक घरांचे तोंड वरच्या अंगाला जरासे पुढे कललेले. वाड्यावर वाडा, खिडकीवर खिडकी, खाली शांत पाणी, दुतर्फा झाडे. २०१० साली या कालव्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, ते योग्यच झाले. आम्ही उगाच नाक मुरडणार नाही. सुंदर ते सुंदर.

आता वारसा हा शब्द आला, तो मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावा.

हेरेनग्राख्तवर ५०२ क्रमांकाचा वाडा आहे. हे नगराध्यक्षांचे सरकारी निवासस्थान. वाडा १६७२ साली ज्या पाउलुस गोडिन नावाच्या गृहस्थासाठी बांधला, तो वेस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपैकी एक. त्या कंपनीचा एक धंदा म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घ्यावयाची, जहाजात कोंबावयाची आणि अमेरिका खंडात उसाच्या मळ्यांवर विकावयाची. डच जहाजांनी अशी सुमारे ६ लाख माणसे समुद्रापलीकडे नेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वाटेत जी मेली, ती समुद्रात. २००६ साली या वाड्यासमोर त्या गोष्टीची आठवण देणारा फलक बसविला गेला. आणि हे काही एकट्या दुकट्या व्यापाऱ्याचे पाप, असेही नाही. सुरिनाम ही वसाहत चालविण्यासाठी १६८३ साली जे मंडळ निघाले, त्यात एकतृतीयांश वाटा खुद्द आम्स्टरडॅम नगराचा होता. नगरच भागीदार! त्या १३,६५९ खुंटांच्या भवनाच्या मागील अंगास शिल्प आहे, त्यात पृथ्वीचे खंड आपापला माल आणून नगरदेवतेपुढे ठेवीत आहेत. माल कसा आणला, ते शिल्पात नाही.

दुसरी, ईस्ट इंडिया कंपनी, १६०२ सालची. तिची वखार आपल्या वेंगुर्ल्यासही होती. जायफळ तेव्हा जगात केवळ बांडा नावाच्या चिमुकल्या बेटांवर पिकत असे. १६२१ साली कंपनीचा गव्हर्नर यान पीटरसून कून याने ती बेटे जिंकली. तेथील सुमारे १५ हजार लोकांपैकी बहुतेक मारले गेले, उपासमारीने मेले, गुलाम करून नेले गेले वा पळाले. मग गुलाम आणून जायफळाच्या बागा चालविल्या. तेच जायफळ माळ्यावर चढले. पुढे ते कोणाकोणाच्या पुरणात आणि श्रीखंडात पडले, हा हिशेब आम्ही येथे काढीत नाही. पण तो नुसता डचांचाच आहे, असे समजून कोणी निर्धास्त होऊ नये.

गुलामगिरी सुरिनाममध्ये १ जुलै १८६३ रोजी कायद्याने बंद झाली. भरपाई मिळाली. कोणाला? मालकांना! दर गुलामामागे ३०० गिल्डर. सुटलेल्यांना एक कवडी नाही. उलट त्यांतील बहुतेकांना आणखी दहा वर्षे, १८७३ पर्यंत, सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर काम करणे भाग होते. आणि ती दहा वर्षे सरली त्याच १८७३ साली ‘लल्ला रुख’ नावाचे जहाज आमच्या उत्तर हिंदुस्थानातील करारबद्ध मजूर घेऊन सुरिनामला लागले. एकाचा जोखड निघतो, तो दुसऱ्याच्या मानेवर.

नगराच्या पूर्वेकडील ओस्टरपार्क नावाच्या बागेत २००२ पासून गुलामगिरीचे स्मारक उभे आहे. सुरिनामच्याच एर्विन दे व्हरीस या शिल्पकाराने केलेले. तेथे दरवर्षी १ जुलैला उत्सव होतो, त्याला ‘केटी कोटी’ म्हणतात, म्हणजे बेड्या तुटल्या. याच बागेत २०२१ साली नगराध्यक्ष फेम्के हाल्सेमा यांनी नगराच्या वतीने क्षमा मागितली. डिसेंबर २०२२ मध्ये पंतप्रधान मार्क रुटे यांनी शासनाच्या वतीने मागितली, आणि १ जुलै २०२३ रोजी राजे विलेम-अलेक्झांडर यांनी मागितली.

स्मारकापुढे उभे असता पुतण्या म्हणाला, “काका, हे मला पटत नाही. ज्यांनी केले ते मेले. ज्यांच्यावर झाले तेही मेले. आजच्या माणसाने कोणाची क्षमा मागायची? तुम्हीच कीर्तनात सांगता ना, ज्याचे कर्म त्याला?”

पूर्वपक्ष बिनतोड वाटतो खरा. सूनबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचेही मत तेच असावे. आम्ही त्याला तेथल्या बाकावर बसविले आणि म्हटले, “अरे, तू पाप आणि ऋण यांची मिसळ करतोस.”

शास्त्र दोहोंचा विचार निराळ्या ठिकाणी करते. पापाचा विचार प्रायश्चित्तात. तेथे कर्ता एकटा. बापाने ब्रह्महत्या केली म्हणून मुलाने कृच्छ्र आचरावे, असा दंडक नाही. परंतु ऋणाचा विचार व्यवहारात येतो, आणि मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत पहिलेच ऋणादान आहे. तेथे याज्ञवल्क्यांचा निर्णय असा की, मेलेल्याचे धन जो घेतो, त्याने त्याचे ऋणही फेडावे. धन माझे आणि देणे मात्र त्या मेलेल्याचे, हे चालत नाही. वाल्याची बायको पापाची वाटेकरी नव्हे, हे तिचे म्हणणे शंभर टक्के बरोबर. पण रांजणाशेजारी जे भांडेकुंडे होते, त्याची ती वारसदार होतीच की!

येथे कोणी शास्त्री म्हणेल, बापाचे दारूचे, जुगाराचे कर्ज मुलावर नाही, हेही याज्ञवल्क्यच सांगतात. मग असल्या दुष्ट धंद्याचे देणे वंशजावर कसे? शंका चांगली आहे. पण सूट कोणाविरुद्ध आहे ते पहा. ज्याने जुगाऱ्याला जुगारासाठी पैसा दिला, तो धनको त्या दुष्कर्मात साथीदार. त्याचे बुडाले तर बुडो. गुलामाने कोणाला कर्ज दिले होते? तो लुटला गेलेला. त्याचे प्रकरण ऋणादानापेक्षाही अस्वामिविक्रयाच्या जवळ जाते, म्हणजे मालक नसता दुसऱ्याची वस्तू विकणे. अशी वस्तू भर बाजारात उघडपणे विकत घेतली असली, तरी मूळ धन्याकडे परत जाते. येथे तर विकलेली वस्तू म्हणजे माणसाचा देह आणि त्याचे श्रम. त्याचा धनी तो स्वतः.

“पण काका, त्या काळी सगळेच तसे करीत,” हा पुतण्याचा दुसरा मुद्दा. सगळेच? १६७७ साली श्रीशिवछत्रपती कर्नाटकाच्या मोहिमेवर असता, त्यांनी याच डच कंपनीला पूर्वकिनाऱ्यावर व्यापाराचा कौल दिला. त्यात स्पष्ट बजाविले की, पूर्वीच्या राज्यात तुम्हांस येथे स्त्री-पुरुष गुलाम म्हणून विकत घेता येत होते, आमच्या राज्यात येणार नाहीत. काळ तोच, कंपनीही तीच. म्हणजे नाही म्हणणे त्या काळी सुचत नव्हते, असे नाही. मात्र एवढ्यावरून आपण छाती फुगवू नये. पुढे पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, त्याही आमच्याच.

मग क्षमा मागितली म्हणजे फिटले काय? आम्हांस तसे वाटत नाही. क्षमा मागणे म्हणजे खत आपल्या नावावर आहे, एवढे कबूल करणे. मालकांना मिळालेल्या ३०० गिल्डरांपुढे ते फारच उशिरा आले. त्या शासनाने या कामी, मुख्यतः लोकजागृतीसाठी, २० कोटी युरो राखून ठेवण्याचे जाहीर केले; ते थोडे की फार, हे धनकोने ठरवावयाचे. ऋणको स्वतःच ‘झाले, फिटले’ म्हणू लागला तर त्याला काय म्हणावे?

तुकोबारायांचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. घरात सावकारी होती. धाकट्या कान्होबांचा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडविली. केवढे हे वैराग्य म्हणून आपण डोलतो. पण ध्यानात घ्या, ती खते बुडविणारा धनको होता. देणेकऱ्यांनी रात्री येऊन तीच खते नदीत टाकली असती, तर तिला चोरी म्हटले असते. खत बुडविण्याचा अधिकार ज्याचे येणे आहे त्याचा. राजाने क्षमा मागावी. ती द्यावी की न द्यावी, आज द्यावी की आणखी शंभर वर्षांनी, हे त्या बेड्या घातलेल्यांची लेकरे पाहतील. त्यांच्यावर क्षमेची सक्ती करणे म्हणजे पुन्हा मालकी गाजविणेच झाले.

पुतण्या उगा राहिला. मग बऱ्याच वेळाने म्हणाला, “आपण इथले भाडेकरू, म्हणून आपल्याला हे सोपं जातंय.”

त्याचे म्हणणे टाळण्यासारखे नव्हते. परदेशात उभे राहून दुसऱ्याची खतावणी करणे सोपेच. पंढरीस महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. ती बाहेर का, हे कोणाला सांगावयास नको. दार सर्वांना उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, तेव्हा दार उघडले. आज कित्येक सज्जन म्हणतात, आता वाळवंटात सारे एकमेकांच्या पाया पडतात, उराउरी भेटतात, मग जुने हिशेब कशाला उकरता? हे म्हणणारे बहुधा आमच्यासारखेच असतात. ज्यांच्या घराण्यात शास्त्र शिकावयास मिळाले, कीर्तनाची गादी चालत आली, गावच्या विहिरीवर कोणी हटकले नाही. हेही धनच, आणि तेही वारशानेच आले. चोखोबांना कोणी अडविले, त्यांची नावे आम्हांस ठाऊक नाहीत. पण त्या दारातून आत जाताना आमच्या आजोबांना कोणी अडविले नव्हते.