संहारक विमानाची प्रतिकृती आणि नीतीचा प्रश्न

संहारासाठी घडवलेल्या यंत्राची देखणी प्रतिकृती करण्यात काही गैर आहे का, हा प्रश्न व्हिएतनाम युद्धातल्या जेट विमानांच्या स्केल मॉडेलबाबत फार टोकदार होतो. एफ-१०५ थंडरचीफ, एफ-४ फँटम यांसारख्या विमानांची प्लॅस्टिकची किट मोनोग्राम, हासेगावा अशा कंपन्यांनी जगभर पोहोचवली. भाग कापायचे, जोडायचे, सांध्यांत पुटी भरून घासायचे, रंग द्यायचा, शेवटी पाण्यात भिजवून डेकल चिकटवायची. जाणकाराच्या हाती हे काम महिनोन्‌महिने चालते. त्याची कसोटी एकच, हुबेहूबपणा.

प्लॅस्टिक कोणाचा जीव घेत नाही, हे या छंदाचे नेहमीचे समर्थन. ते खरे असले तरी अपुरे आहे. आक्षेप इजेबद्दल नाहीच. अशा वस्तूत आनंद का वाटावा, याबद्दल आहे. त्याला ॲरिस्टॉटलच्या ‘पोएटिक्स’मध्ये एक उत्तर मिळते. जे प्रत्यक्षात पाहवत नाही त्याची, अगदी प्रेताचीसुद्धा, अचूक प्रतिमा माणसाला सुखावते, कारण ओळख पटण्यात ज्ञानाचा आनंद असतो. मात्र मूळ वस्तू कधी पाहिलीच नसेल, तर तो आनंद केवळ कारागिरीचा आणि रंगाचा उरतो, असेही तो सांगतो. युद्ध न पाहिलेल्या आजच्या छांदिष्टाला ही पुस्ती नेमकी लागू पडते.

भारतीय रसविचाराचे उत्तर अधिक खोल आहे. भट्टनायकाने मांडलेल्या साधारणीकरणाच्या कल्पनेचा अभिनवगुप्ताने विस्तार केला. दुष्यंताच्या रथापुढे जिवाच्या आकांताने धावणारे ‘शाकुंतला’तले हरीण हे त्याचे उदाहरण. ते अमुक वनातले, अमुक दिवशीचे हरीण राहत नाही. स्थळकाळापासून सुटलेले भय तेवढे उरते आणि म्हणूनच ते आस्वाद्य होते. स्केल मॉडेलची वाट याच्या बरोबर उलटी जाते. त्याला अमुक वर्षीचे, अमुक तुकडीचे, शेपटीवर अमुक क्रमांक असलेलेच विमान हवे असते. ‘ऑपरेशन रोलिंग थंडर’ ही उत्तर व्हिएतनामवरची अमेरिकी बॉम्बफेकीची मोहीम १९६५च्या मार्चपासून १९६८च्या नोव्हेंबरपर्यंत चालली. तिच्यातले थंडरचीफ करायचे, तर ते सुरुवातीच्या चंदेरी रूपातले की नंतरच्या दोन हिरव्या आणि एका मातकट छटेतले, हे आधी ठरवावे लागते. जी कृती विशिष्टाचा इतका आग्रह धरते, तिला रसाच्या अलिप्ततेचा आधार घेता येत नाही. तिचे नाते नाटकापेक्षा इतिहासाशी अधिक जवळचे आहे.

इतिहास म्हणून पाहिले की तिच्यातली उणीव दिसते. १९.६ मीटर लांबीचे थंडरचीफ १:४८ या मापात साधारण ४१ सेंटिमीटरचे होते. तेच माप उंचीला लावले, तर १५,००० फुटांवरून उडणाऱ्या विमानाखालची जमीन मॉडेलच्या ९५ मीटर खाली येईल. गाव, पूल, माणसे कोणत्याच टेबलावर मावत नाहीत. वैमानिकालाही एवढ्या उंचीवरून फारसे काही दिसत नसे, आणि मॉडेल ते न दिसणेही इमानाने उतरवते. खुद्द वैमानिकही मॉडेलमधून असाच गळतो. किटमध्ये त्याची आकृती असली तरी अनेक जण ती बसवत नाहीत. प्रत्यक्षात बांधलेल्या ८३३ थंडरचीफपैकी ३८०हून अधिक या युद्धात कामी आली आणि त्यांतले कित्येक वैमानिक मारले गेले किंवा कैदेत पडले.

तरीही खालची जमीन पूर्णपणे पुसलेली नसते. विमानाच्या पोटाखाली ७५० पौंडी बॉम्ब लावताना त्यांच्या हिरवट नाकाशी एक बारीक पिवळा पट्टा रंगवावा लागतो. आत अतिस्फोटक दारू भरली आहे, अशी ती खूण. हा पट्टा किती रुंद असावा याची चौकशी करणाऱ्याला ते बॉम्ब कुठे पडले हे विचारणे अप्रस्तुत ठरत नाही. उलट त्याच्याच कसोटीने ते आवश्यक ठरते.

म्हणून मॉडेल करणे हा दोष मानता येत नाही, पण ‘हे नुसते प्लॅस्टिक’ ही पळवाट अचूकतेचा दावा करणाऱ्याला मोकळी नाही. याच युद्धाच्या ओघात १९६४ ते १९७३ या काळात शेजारच्या एकट्या लाओसवर २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले गेले, आणि त्यांतले न फुटलेले बॉम्ब तिथल्या शेतांत आजही सापडतात.