मुलांस भय शिकवावें कीं विवेक?

आपल्या मुलांचें पुढें कसें होईल, ही काळजी रोजगारावर जाणाऱ्या मजुरापासून शहरांतील कारकुनापर्यंत सर्व आईबापांस सारखीच असते. या काळजीपोटीं आपण मुलांस अगदीं लहानपणींच दोन धडे देतों. पहिला धडा असा कीं, घरांतल्या व ओळखीच्या वडील माणसांचें मुकाट्यानें ऐकावें. दुसरा असा कीं, अनोळखी माणसास भ्यावें. मूल जेवत नसलें कीं आई म्हणते, तो बघ झोळीवाला आला, तुला घेऊन जाईल. मूल घाबरून घास गिळतें, आणि आईस वाटतें कीं काम झालें. हे धडे इतके जुने व इतके सोयीचे आहेत कीं, ते एकदां तपासून पाहावे असें कोणाच्या मनांत येत नाहीं. ते येथें तपासावयाचे आहेत. आणि त्यासाठीं दूरदेशीं जाण्याचें कारण नाहीं. आपल्याच धुळें जिल्ह्यांत त्याचें उत्तर लिहून ठेवलेलें आहे.

ता. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यांतील राईनपाडा या गांवीं आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पांच पुरुष त्या बाजारांत आले. सोलापुराकडून निघून गांवोगांव फिरावें, भिक्षा मागावी व पुढें जावें, हा त्या समाजाचा पिढ्यान् पिढ्यांचा क्रम. त्या दिवसांत मुलें पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा भ्रमणध्वनीवरून घरोघर पोहोंचली होती. बाजारांत कोणास तरी या पांच जणांचा संशय आला. पाहतां पाहतां जमाव जमला. त्यांस मारीत मारीत ग्रामपंचायतीच्या कचेरींत नेण्यांत आलें, आणि तेथें त्या पांचांचाहि जीव गेला. मूल कोणाचेंच पळविलें गेलें नव्हतें. मेलेल्या माणसांचीहि घरें होतीं, आणि त्या घरीं त्यांची वाट पाहणारीं माणसें होतीं.

वाचकहो, या गोष्टीचा उल्लेख त्या गांवास दूषण देण्यासाठीं केलेला नाहीं. तसेच प्रकार त्या उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत देशाच्या अनेक भागांत घडले. येथें विचार करावयाचा तो असा कीं, त्या जमावांतील पुरुष कांहीं चोर किंवा दरोडेखोर नव्हते. जें झालें तें मुलांच्या नांवानें झालें. मुलांच्या मायेनें उठलेला हात निरपराध्यावर कसा पडला? माझें उत्तर असें आहे कीं, झोळीवाल्याची जी भीति त्या हातांत होती ती कांहीं त्या आठवड्यांत निर्माण झाली नव्हती. ती जेवणाच्या ताटापाशीं, निजण्याच्या वेळीं, पिढ्यान् पिढ्या पेरलेली होती. अफवेनें फक्त काडी लावली.

त्या वर्षीं देशांत फिरलेल्या चित्रफितींपैकीं एकीची हकीकत मोठी बोधक आहे. दोन माणसें दुचाकीवरून येतात आणि खेळत असलेल्या मुलांतून एकास उचलून नेतात, असें तींत दिसे. ती चित्रफीत मूळची कराची शहरांतली. मुलांच्या सुरक्षिततेविषयीं लोकांनीं जागें व्हावें म्हणून एका संस्थेनें ती मुद्दाम तयार केली होती, व तिच्या शेवटीं तीच माणसें मुलास परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवितात. कोणी तरी हा शेवट कापून टाकला व बाकीचा भाग खरी घटना म्हणून पाठवून दिला. मुलांच्या रक्षणासाठीं केलेली वस्तु माणसें मारण्याच्या कामीं आली. पुढें त्याच जुलै महिन्यांत व्हॉट्सॲप चालविणाऱ्या कंपनीनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें ढकलतां येऊं नये अशी मर्यादा घातली. मर्यादा चांगली; परंतु आलेलें खरें कीं खोटें हें विचारण्याची संवय कोणतीहि कंपनी आपल्या मुलांस लावून देणार नाहीं.

आतां पहिल्या धड्याकडे वळूं. अनोळखी माणसास भ्यावें असें आपण शिकवितों, पण मुलांस धोका खरोखर कोणाकडून असतो? लहान मुलांवरील लैंगिक अत्याचारांची जी नोंद सरकारदरबारीं दरसाल होते तींत एक गोष्ट वर्षानुवर्षें दिसून येते. बहुतेक सर्व प्रकरणांत अपराध करणारा मुलाच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, घरीं येणारा जाणारा, शिकविणारा, असा तो कोणी तरी असतो. म्हणजे ज्याचें मुकाट्यानें ऐकावें असें आपण सांगितलें, त्याच्याकडूनच पुष्कळदां घात होतो. आणि मूल गप्प बसतें, कारण गप्प बसणें हाच चांगुलपणा असें आपणच त्यास शिकविलेलें असतें. हा विषय आपल्या मंडळ्यांत बोलणें अनेकांस अवघड वाटतें हें मी जाणतों. परंतु आपल्या लाजेचें मोल मुलानें कां द्यावें? २०१२ सालीं या अपराधांसाठीं स्वतंत्र कायदा झाला आहे. त्यांत असें आहे कीं, असा प्रकार ज्यास कळला त्यानें तो पोलिसांस कळविलाच पाहिजे. कळून न कळविणें हाहि गुन्हा आहे. पाळक, पंच, शिक्षक, आजी, कोणीहि यांतून सुटत नाहीं. घराण्याची अब्रू म्हणून झांकून ठेवणें हें आतां केवळ पाप राहिलें नाहीं.

येथें कोणी म्हणेल, आज्ञापालन तर शास्त्रांत सांगितलें आहे. होय, सांगितलें आहे. इफिस येथील मंडळीस लिहितांना पौलानें मुलांस आईबापांच्या आज्ञेंत राहण्यास सांगितलें, व तो भाग आपण मुलांकडून तोंडपाठ करून घेतों. पण त्याच जागीं, अगदीं थोडें पुढें, तो बापांकडे वळून मुलांस चिडीस आणूं नका अशा अर्थाची ताकीद देतो. तो भाग बापांकडून तोंडपाठ करून घेण्याची चाल अद्याप कोठें पडलेली ऐकिवांत नाहीं. शिवाय आज्ञापालन हा गुण स्वतःच्या बळावर उभा राहणारा नव्हे. आज्ञा देणारा चांगला असेल तर तो चांगला. आज्ञा देणारा वाईट निघाला तर तोच गुण वाईटाचें हत्यार होतो. पंधराव्या वर्षीं लग्नाला उभी केलेली मुलगीहि आज्ञाधारकच असते. कायद्यानें मुलीस अठरा व मुलास एकवीस वर्षें पुरीं झालीं पाहिजेत. तरी आपल्या खानदेशांत तिच्या मुकाट्यानें मान खालीं घालण्याचीच स्तुति होते. आणि जो मुलगा बापाच्या धाकानें ऐकतो, तो बाप नसेल तेथें ज्याचा आवाज मोठा त्याचें ऐकूं लागतो. राईनपाड्याच्या बाजारांत मोठा आवाज जमावाचा होता.

तर मग मुलांस मोकाट सोडावें काय? असें माझें म्हणणें नाहीं. आमचें सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं पूर्वींपासून प्रसिद्ध आहे. स्टीलचीं व प्लास्टिकचीं भांडीं आल्यापासून तो धंदा पूर्वींसारखा राहिला नाहीं, पण तांबटाच्या हातोड्याचा ठोका ज्यानें ऐकला आहे त्यास एक गोष्ट ठाऊक असते. पत्र्यावर सारखे ठोके घालीत गेलें तर धातु कठीण होत जातो, आणि अधिक ठोकला तर तडकतो. म्हणून कारागीर मध्येंच हात थांबवितो, भांडें भट्टींत घालून तापवितो, तें मऊ झाल्यावर पुन्हां कामास घेतो. ज्यास हें थांबणें कळत नाहीं तो तांबट नव्हे. मुलांस बडवून वळण लावणारे आईबाप व शिक्षक यांस निदान एवढें तरी समजावयास पाहिजे कीं, माराने मूल मऊ होत नाहीं, कठीण होतें. हा दाखला येथेंच सोडतों, कारण मूल कांहीं पितळ नव्हे. भांड्यास स्वतःचें मन नसतें. शाळेंत मुलांस शारीरिक शिक्षा देणें व त्यांचा मानसिक छळ करणें २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें बंद झालें, व तो कायदा ता. १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. घरांतल्या छडीविषयीं मात्र आपण अजून शाळेच्या मागेंच आहों.

वळण लावण्याची दुसरी रीत कोणती, हें पाहण्यास सोनगीराहून फार दूर जावें लागत नाहीं. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत १९२४ पासून १९३० पर्यंत पांडुरंग सदाशिव साने नांवाचे एक शिक्षक होते. त्यांस पुढें सारा महाराष्ट्र साने गुरुजी म्हणूं लागला. शाळेच्या वसतिगृहाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. मुलें अंथरुणें तशींच टाकून जात, खोल्यांत केर पडलेला असे, कपडे मळलेले असत. अशा ठिकाणीं व्यवस्थापक काय करितो हें सर्वांस माहीत आहे. तो नियमांचा कागद भिंतीवर लावतो, दंड बसवितो, दोघां तिघांस उभें करितो. गुरुजींनीं तसें केलें नाहीं. मुलें वर्गांत गेलीं कीं ते स्वतः खोल्या झाडीत, अंथरुणें घडी करून ठेवीत, कपडे धुऊन वाळत घालीत. कोणी आजारी पडल्यास त्याच्या उशाशीं बसत. शिवाय मुलांसाठीं स्वतः हातानें लिहून एक दैनिक काढीत. आपलें काम गुरुजी करितात हें पाहून मुलांस लाज वाटली व तीं आपापलें करूं लागलीं. ही लाज मारानें येणारी नव्हे. मार खाल्लेलें मूल स्वतःचा विचार करितें, मला किती लागलें. सेवा पाहिलेलें मूल दुसऱ्याचा विचार करितें, त्यास किती श्रम झाले. दयेची सुरुवात या दुसऱ्या विचारापासून होते.

आणि हा शिक्षक केवळ मवाळ होता असें कोणीं समजूं नये. १९३० सालीं तो नोकरी सोडून सत्याग्रहांत गेला. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबा दर रविवारीं गीतेवर बोलत, तीं प्रवचनें लिहून घेणारा हाच. पुढें १९४७ च्या मे महिन्यांत पंढरपूरचें मंदिर अस्पृश्यांस खुलें व्हावें म्हणून त्यानें दहा दिवस उपोषण केलें. पुष्कळ वडीलधारी माणसें त्यास नको म्हणत होतीं. जो मुलांची अंथरुणें घडी करीत होता तोच जरूर पडली तेव्हां नाहीं म्हणूं शकला, आणि ह्या दोन्ही गोष्टी एकाच मुळापासून आल्या असें मला वाटतें. दुसऱ्याचें दुःख ज्यास दिसतें त्यासच कोणती आज्ञा मोडावी हें कळतें.

महाराष्ट्रांतील शाळांत परिपाठाच्या वेळीं श्रमप्रतिष्ठा, सौजन्य, संवेदनशीलता, स्त्रीपुरुषसमानता इत्यादि मूल्यें सांगण्याची पद्धत आहे. २००९ सालीं बीड जिल्ह्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांत मूल्यवर्धन नांवाचा उपक्रम सुरू झाला व पुढें तो राज्यभर पसरला. त्यांत उपदेशापेक्षां मुलांनीं एकत्र बसून खेळावें, बोलावें, आपलें मत मांडावें व दुसऱ्याचें ऐकावें यावर भर आहे. हें स्तुत्य आहे. पण शाळेंतून मूल घरीं येतें, आणि घरीं बाप त्यास पैसे देऊन सांगतो, जा, दुकानांतून तंबाखूची पुडी आण. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणें हा २००३ च्या कायद्यानें गुन्हा आहे, तेव्हां दुकानदारास गुन्हेगार केलें तें बापानें. आणि मुलास आज्ञाधारकपणाबद्दल शाबासकीहि मिळते! आमच्या गांवाजवळून मुंबई-आग्र्याचा हमरस्ता जातो. त्यावर पंधरासोळा वर्षांचीं पोरें मोटारसायकली उडवीत जातात. किल्ली कोणी दिली? २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अशा वेळीं पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. पण दंड भरून तुटलेला पाय बरोबर होत नाहीं.

मग सावधगिरी शिकवूं नये कीं काय? अवश्य शिकवावी, परंतु ती माणसाची जात, वेष किंवा झोळी पाहून नव्हे, तर त्याचें वागणें पाहून. कोणी एकांतांत बोलावतो, अंगास नको तसा हात लावतो, हें घरीं सांगूं नको असें बजावतो, तर तो काका असो वा परका, तेथून निघून यावें व आईस सांगावें, हें पांच वर्षांच्या मुलासहि समजतें. आणि मूल सांगूं लागलें म्हणजे आईनें हातांतली भाकरी तव्यावर करपली तरी चालेल, पण आधीं ऐकावें. कारण पहिल्या खेपेस गप्प केलेलें मूल दुसऱ्या खेपेस येत नाहीं. तसेंच दारीं डवरी गोसावी येईल तेव्हां पीठ घालण्यास मुलाच्या हातींच वाटी द्यावी, आपण शेजारीं उभें राहावें, आणि बाबा, कोणत्या गांवचे, मुलें किती, असें मुलादेखत विचारावें. ज्याचें गांव व ज्याचीं मुलें ठाऊक झालीं त्याच्यावर दगड उचलणें कठीण जातें. आणखी एक काम आज संध्याकाळींच होण्यासारखें आहे. संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो रात्रंदिवस चालू असतो व त्यास पैसे पडत नाहींत. पाढे म्हणून घेतांना चार आंकडे तेहि म्हणून घ्यावे, आणि ते कशासाठीं आहेत तें मुलांस नीट सांगावें.